शहराच्या वाटा आणि कोळ्यांचा किनारा

ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहावें आणि चालून आलेल्या वाटेबद्दल प्रभूचे उपकार मानावे, हा ख्रिस्तसभेचा जुना परिपाठ आहे. धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे पायाभरणी, वेदी, घंटा आणि धर्मगुरूंची नामावळि यांची आठवण प्रथम होते, व तें योग्यच आहे. परंतु मंदिराच्या दारापर्यंत भाविक ज्या वाटांनीं येत आले, त्या वाटांनाहि इतिहास आहे. कोणती वाट कोणीं पाडली, कोणती बुजविली, कोणत्या रस्त्यानें दोन वस्त्या एकमेकींस मिळाल्या आणि कोणत्या रस्त्यामुळें त्या एकमेकींस अंतरल्या, हें पाहूं गेल्यास आपल्या मुंबई शहराचा, व विशेषतः कफ परेडच्या मच्छीमार नगराचा, वृत्तांत निराळ्याच प्रकाशांत दिसूं लागतो. तोच वृत्तांत या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

लांबी निराळी, जोडणी निराळी

शहर वाढतें तेव्हां रस्ते वाढतात, हें कोणीहि सांगेल. परंतु रस्त्यांची लांबी आणि रस्त्यांची जोडणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. एक साधें उदाहरण घेऊं. कागदावर नऊ चौक तीन-तीनांच्या तीन ओळींत मांडावे आणि शेजारशेजारचे चौक रेघांनीं जोडावे. एकंदर १२ रस्ते होतात. एका कोपऱ्यावरून समोरच्या तिरप्या कोपऱ्यास जावयाचें तर सारख्याच लांबीच्या ६ वाटा मिळतात. एखादा रस्ता खणून ठेवला तरी कोणाचें अडत नाहीं. आतां तेच नऊ चौक झाडाप्रमाणें जोडावे, म्हणजे एक बुंधा व त्याला फुटलेल्या फांद्या. ८ रस्त्यांत काम भागतें. परंतु कोठूनहि कोठेंहि जावयाचें तर वाट एकच, आणि ती मध्येंच तुटली कीं पलीकडचे सारे अडकले. रस्त्यांची लांबी कितीहि वाढवा, ही अडचण दूर होत नाहीं.

इ. स. १७३६ च्या सुमारास लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानें क्योनिग्सबर्ग शहरांतील सात पुलांचें कोडें सोडवितांना हाच विचार प्रथम शास्त्राच्या रूपानें मांडला. पूल किती लांब याला महत्त्व नाहीं, तो कोणत्या भूमीला कोणत्या भूमीशीं जोडतो याला आहे, असें त्यानें दाखविलें. आपल्या शहराकडे याच दृष्टीनें पाहावयाचें आहे. त्यांत आणखी एक प्रश्न आपण आपल्या पदरचा घालूं: जोडलेलीं माणसें कोण, आणि तुटलेलीं कोण?

बेटें आणि बांध

मुंबई मूळची सात बेटांची: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम. या बेटांचे जुने रहिवासी कोळी. कुलाबा हें नांवच कोळ्यांवरून पडलें असावें, असें पुष्कळ जाणते लोक मानतात. कोळ्याच्या दृष्टीनें बेटाबेटांमधील पाणी हा अडथळा नव्हता. तीच त्याची वाट होती. भरती-ओहोटी हें त्याचें घड्याळ, आणि खाडीचें तोंड हा त्याचा चौक. होडी असलेल्या माणसाला सातहि बेटें एकमेकांस जोडलेलींच होतीं. तुटलेलीं होतीं तीं पायीं चालणाऱ्याला, पालखीवाल्याला आणि बैलगाडीवाल्याला.

पुढें बांध घालण्याचें युग आलें. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकीर्दीत, १७८४ च्या सुमारास, महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंड बांधानें बंद झाली. भरतीचें पाणी आंत शिरेनासें झालें आणि मधल्या खाजणांत हळूहळू वस्ती उभी राहिली. १८०३ च्या सुमारास शीव येथून साष्टीकडे जाणारा बांध झाला. १८३८ मध्यें कुलाब्याचा कॉजवे पुरा झाला, आणि तोंपर्यंत होडीनें गांठावयाचें तें दक्षिणेचें टोक शहराला जमिनीनें मिळालें. १८४५ मध्यें माहीम व वांद्रें यांमधील बांध खुला झाला. त्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये दिले. तत्पूर्वीं माहीमच्या खाडींतून तरीनें जावें लागे, आणि पावसाळ्यांत तें जिवावरचें काम होतें. मोतमावलीच्या यात्रेस जे भाविक आज सप्टेंबर महिन्यांत गाड्यांतून सुखानें जातात, त्यांनीं त्या पारशी माउलीचें स्मरण कृतज्ञतेनें करावें.

या बांधांनीं मुंबई एक झाली, यांत संशय नाहीं. परंतु प्रत्येक बांधाला दोन बाजू असतात. पायीं जाणाऱ्याला जो पूल, तोच नौकेला भिंत. जमिनीवरचा एक दुवा जोडतांना पाण्यावरचा एक दुवा तुटला. त्या काळीं बांधाचा नफा मोजला गेला, तोटा मोजण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढल्या दोनशें वर्षांत ती पुनःपुन्हा घडली आहे.

तट, मैदान आणि क्रूस

इकडे किल्ल्याची स्थिति निराळी होती. किल्ल्यांत दाट वस्ती, आणि जमिनीच्या बाजूनें जाण्यायेण्यास चर्चगेट, अपोलो गेट व बाझार गेट असे तीनच दरवाजे. शत्रूवर तोफ चालवितां यावी म्हणून तटाबाहेरचा प्रदेश मोकळा ठेवण्यांत आला. त्या मोकळ्या केलेल्या प्रदेशांतच आपल्या धर्मबांधवांचें नोसा सिन्योरा द एस्पेरान्सा, म्हणजे आशामाता, या नांवाचें पोर्तुगीजकालीन मंदिर होतें. अठराव्या शतकांत तें पाडण्यांत आलें, आणि पुढें त्याच नांवाचें मंदिर भुलेश्वरनजीक कावेल येथें उभें राहिलें. जुन्या जागीं क्रूस तेवढा राहिला. आज हजारों लोक चर्चगेट स्टेशनांतून उतरून क्रॉस मैदान ओलांडतात. त्या मैदानाला हें नांव कां पडलें याचा विचार त्यांतील थोडेच करीत असतील. ज्या ठिकाणीं मंदिर होतें तेथें शंभर वर्षें वाट नव्हती, मैदान होतें. आणि आतां पुन्हा वाट आहे.

१८६२ नंतर गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या आज्ञेनें तट पाडण्यास आरंभ झाला. तीन दरवाज्यांच्या जागीं अनेक रस्ते खुले झाले. मुंबईच्या इतिहासांत रस्त्यांची जोडणी एका झटक्यांत एवढी वाढल्याचें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. आणि त्यासाठीं कांहीं बांधावें लागलें नाहीं, केवळ एक भिंत पाडावी लागली. १८७४ मध्यें घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत. १९२६ सालीं पहिली मोटारबस धांवली, ती अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. कुलाब्याचें टोक अशा रीतीनें शहराच्या पोटांत आलें.

प्लेग आणि रुंद रस्ते

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत एक विलक्षण ताप दिसूं लागला. तो गांठीचा प्लेग आहे हें प्रथम ओळखून निर्भयपणें जाहीर करणारे वैद्य म्हणजे डॉ. अकासियु गॅब्रिएल व्हिएगस. मूळचे गोव्याचे आणि आपल्या धर्माचे. पुढील वर्षांत मृत्यूनें घराघरांत प्रवेश केला. गिरगांव, माझगांव, वांद्रें येथील आपल्या लोकांनीं गल्लीच्या तोंडाशीं व चव्हाट्यावर क्रूस उभारले आणि संध्याकाळीं त्यांच्यापुढें जपमाळेची प्रार्थना चालूं केली. त्यांतील कित्येक क्रूस अद्याप उभे आहेत. ते जेथें आहेत तेथून जुन्या पायवाटा जात होत्या, ही त्यांची दुसरी साक्ष होय.

प्लेगचें एक कारण दाट, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या वस्त्या असें सरकारनें ठरविलें, आणि १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचा मुख्य उपाय म्हणजे जुन्या वस्तींतून सरळ व रुंद रस्ता कापून समुद्राचा वारा आंत आणणें. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्याच उपायाचे परिणाम. गिरगांव, धोबीतलाव, कावेल या भागांतील कोणालाहि विचारावें. या रस्त्यांवांचून शहराची कल्पनाच आतां करवत नाहीं. पूर्व आणि पश्चिम किनारे एकमेकांस मिळाले, हवा व उजेड आला.

तथापि रस्ता कापतांना घरें पडतात. आरंभींच्या काळांत ट्रस्टनें जितकीं घरें पाडलीं तितकीं गरिबांकरितां बांधलीं नाहींत. तेव्हां निघालेलीं माणसें शेजारच्याच चाळींत कोंबली गेलीं, व एका गल्लींतली दाटी दुसरींत गेली. सर पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे विचारवंत १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचें सांगणें असें कीं, जुनी वस्ती म्हणजे रोगी शरीर. शस्त्रक्रिया करावी, पण हात राखून. आंधळी गल्ली पलीकडे खुली करावी, एखादें मोडकें घर काढून तेथें अंगण करावें, विहीर व वृक्ष राखावे. हमरस्त्याचा सोटा सर्वांच्या डोक्यावर हाणूं नये. थोडक्यांत, लांब रस्ता एक करण्यापेक्षां लहान दुवे दहा करावे. गिरगांवांतील खोताची वाडी किंवा माझगांवांतील माथारपाखाडी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना गेडिस यांच्या म्हणण्यांतील मर्म सहज पटेल. तेथें वाट अरुंद खरी, पण ती घराच्या ओट्यावरून, विहिरीवरून, क्रुसापुढून जाते, आणि वाटेवर भेटलेला मनुष्य ओळखीचा असतो.

सरळ रस्त्यांचा तिटकारा करण्याचें मात्र आपणांस कारण नाहीं. पोप पाचवे सिक्स्तुस यांनीं १५८५ ते १५९० या पांच वर्षांत रोम शहरांतून लांब सरळ रस्ते काढविले. पवित्र मरियेच्या महामंदिरापासून निघालेला त्यांचा रस्ता प्रसिद्धच आहे. त्यांचा एक मुख्य हेतु हा कीं, परक्या देशांतून आलेल्या यात्रेकरूला एका मंदिरांतून दुसऱ्या मंदिरास न चुकतां जातां यावें. रस्ता चांगला कीं वाईट, हें तो सरळ आहे कीं वांकडा यावर ठरत नाहीं. तो कोणाकरितां काढला, यावर ठरतें.

समुद्रावर पडलेली जमीन

आतां कफ परेडकडे वळूं. प्लेगनंतर स्थापन झालेल्या त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें कुलाब्याच्या पश्चिम किनाऱ्यावर भराव घातला आणि समुद्रालगत फिरण्याजोगा रस्ता केला. ट्रस्टशीं संबंधित टी. डब्ल्यू. कफ यांचें नांव त्या रस्त्यास मिळालें. अशा रीतीनें मांडवीच्या अंधाऱ्या खोल्यांतील रोगाचा एक परिणाम म्हणून कुलाब्याला बंगल्यांची रांग आणि वाऱ्याचा रस्ता मिळाला. जवळच वुडहाउस रोडवर १९०५ मध्यें होली नेम मंदिर बांधून झालें, जें पुढें आपल्या महाधर्मप्रांताचें कॅथीड्रल झालें.

त्याच पट्ट्यांत आगगाडीचे रूळ होते. १८९६ मध्यें बी. बी. सी. आय. रेल्वेचें कुलाबा टर्मिनस खुलें झालें, व चर्चगेटहून निघालेली गाडी बॅकबेच्या कडेनें तेथपर्यंत जात असे. १९३० च्या अखेरीस हा फांटा बंद झाला आणि गाड्या चर्चगेटलाच थांबूं लागल्या. स्टेशनच्या जागेवर आज रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क ही वसाहत आहे. रूळ गेले, परंतु रुळांची जागा आडव्या रस्त्यांना मिळाली नाहीं. म्हणून कुलाब्याचे लांब रस्ते उत्तर-दक्षिण असे एकमेकांशेजारून धांवतात, आणि त्यांना एकमेकांत मिळविणारे आडवे रस्ते थोडेच आहेत. आरंभीं सांगितलेलें झाडाचें चित्र तें हेंच.

बॅकबे भरून काढण्याचा मोह तर त्याहून जुना. १८६३ सालीं त्यासाठीं कंपनी निघाली; अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला होता आणि शेअरचा सट्टा ऐन भरांत होता. १८६५ मध्यें युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि कंपनीबरोबर हजारों कुटुंबें बुडालीं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० नंतर तोच बेत सरकारी रीतीनें पुन्हा हातीं घेतला. ११४५ एकर जमीन काढावयाची होती. प्रत्यक्षांत निम्मीहि निघाली नाहीं. वीर नरीमन यांनीं या कामांतील उधळपट्टी निर्भयपणें चव्हाट्यावर मांडली. दैवाची लीला अशी कीं, पुढें याच बॅकबेंतून निघालेल्या जमिनीला नरीमन पॉइंट हें नांव मिळालें.

भरावाचे एकंदर आठ विभाग ठरले होते. त्यांतील पहिल्या दोहोंवर मरीन ड्राइव्ह व त्यालगतच्या इमारती झाल्या. तिसरा ते सहावा हे विभाग स्वातंत्र्यानंतर हातीं घेण्यांत आले. नरीमन पॉइंट व नवें कफ परेड हें त्या कामाचें फळ. १९६० नंतरच्या दोन दशकांत कफ परेडच्या जुन्या बंगल्यांसमोरील समुद्र दूर गेला, आणि त्या जागीं वर्ल्ड ट्रेड सेंटर व निवासी मनोरे उभे राहिले. १९९१ च्या फेब्रुवारींत सागरकिनाऱ्याच्या संरक्षणाची अधिसूचना निघाली, तेव्हां कोठें भरावाला पायबंद बसला.

याच भरावाच्या काठीं मच्छीमार नगर आहे. समुद्र जसजसा मागें सारला गेला, तसतसा कोळ्याचा किनाराहि बदलला. जो किनारा वस्तीच्या पुढील दारीं होता, तो शहराच्या मागील दारीं आला. वस्तीच्या आंत गल्ल्या एकमेकींत सहज मिसळतात, माणूस माणसास पदोपदीं भेटतो. परंतु बाहेर मोठ्या रस्त्यास लागण्याच्या वाटा मोजक्या. समोर उंच मनोरे, आणि पाठीशीं पाणी. पूर्वीं होडी असलेला माणूस साऱ्या बेटांना जोडलेला होता. आतां मोटार असलेला मनुष्य साऱ्या शहराला जोडलेला आहे, आणि होडीवाल्याचें घर रस्त्याच्या शेवटीं आहे. दोनशें वर्षांत शहराच्या जोडणीची दिशाच फिरली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तरी पाठीमागची ही बाजू केवळ कोपरा नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं दहा हल्लेखोर रबरी होडींतून याच परिसरांत उतरले. तेव्हां त्यांना प्रथम पाहणारे व हटकणारे येथलेच कोळी रहिवासी होते. किनाऱ्यावर राबतीं माणसें आहेत म्हणून किनाऱ्याला डोळे आहेत. शहरानें हें विसरूं नये.

भिंती, फाटकें आणि उड्डाणपूल

शहराच्या वाढीचा आणखी एक दोष सांगितला पाहिजे. मुंबई ही लांब चिंचोळी. आणि कचेऱ्या तिच्या दक्षिण टोकाला, म्हणजे वाट जेथें संपते तेथें. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं मार्ग या नियतकालिकांत असें मांडलें कीं, साऱ्यांनीं सकाळीं दक्षिणेस व संध्याकाळीं उत्तरेस धांवावें हें फार काळ चालणार नाहीं. खाडीपलीकडे नवें शहर वसवावें. त्यांतूनच १९७० मध्यें सिडको निघाली व नवी मुंबई झाली. परंतु त्याच काळांत नरीमन पॉइंटचे मनोरेहि उभे राहिले, म्हणजे एका हातानें ओझें उतरविलें आणि दुसऱ्या हातानें चढविलें. याच कोरिया यांनीं दादरच्या पोर्तुगीज चर्चची सध्यांची वास्तु रचली. त्या धर्मग्रामाची स्थापना १५९६ ची. त्या वास्तूंत भिंतीपेक्षां अंगणें व जाण्यायेण्याच्या वाटा यांनाच अधिक महत्त्व आहे, हें तेथें गेलेल्यांच्या ध्यानीं आलें असेल.

परळ व लालबाग येथें गिरण्यांच्या उंच भिंती होत्या. गिरण्या बंद पडल्या, त्या जागीं कचेऱ्या व बाजार झाले. परंतु पुष्कळ ठिकाणीं भिंत जाऊन फाटक आलें एवढाच फरक पडला. माणसांची ये-जा कितीतरी पटींनीं वाढली, आणि पादचाऱ्यांचे दुवे जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं, महादूत संत मिखाएल यांच्या सणाच्या दिवशीं, परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांमधील अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जीव गेले. शेंकडों मनोऱ्यांच्या प्रदेशांत एक पादचारी पूल कमी होता. जोडणी हा नकाशा काढणाऱ्यांचा विषय आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं त्या तेवीस घरांचा विचार करावा. त्या मृतांस प्रभु चिरशांति देवो.

उड्डाणपूलांचेंहि असेंच. २००२ सालीं मोहम्मद अली रोडवरून जाणारा सुमारें अडीच किलोमीटरांचा पूल खुला झाला. क्रॉफर्ड मार्केटहून भायखळ्याच्या दिशेनें जाणाऱ्याला तो सोयीचा. परंतु खालच्या मोहल्ल्यांत राहणाऱ्याला त्याची सावली तेवढी मिळते. तो दूरच्यांना जोडतो आणि जवळच्यांच्या डोक्यावरून जातो. हें केवळ आपल्याकडेच चाललें आहे असेंहि नाहीं. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली व ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनीं २०२० सालीं साऱ्या जगाच्या रस्त्यांचे नकाशे तपासून दाखविलें कीं, १९७५ पासून नव्या वसाहतींतील रस्ते अनेक देशांत अधिकाधिक तुटक होत चालले आहेत. आंधळ्या गल्ल्या व फाटकबंद वाड्या वाढत आहेत. आणि एकदां पडलेला रस्ता शतकानुशतकें तसाच राहतो, कारण घर पाडून पुन्हा बांधतां येतें, रस्त्याची आंखणी सहसा बदलत नाहीं. आजची चूक नातवंडांना चालावी लागते.

वल्ह्याची वाट

गेल्या कांहीं वर्षांत दक्षिण मुंबईच्या जोडणींत मोठी भर पडली आहे. २०२४ च्या मार्च महिन्यांत सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग खुला झाला. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांत आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पुरी झाली; ३३.५ किलोमीटर लांबी व २७ स्थानकें. कुलाब्याची आगगाडी १९३० मध्यें गेली होती. ९५ वर्षांनीं या टोकाला पुन्हा रेल्वे आली. मोटार नसलेल्या मनुष्यालाहि जी वाट मिळते, ती खरी जोडणी. म्हणून मेट्रोचें स्वागत करावें तितकें थोडें.

सागरी मार्गाच्या कामांत वरळीच्या कोळी बांधवांनीं जो प्रश्न घातला, तो मात्र सर्वांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पुलाच्या खांबांमध्यें ६० मीटर अंतर योजिलें होतें. वारा व लाटा असतांना एवढ्या फटींतून होडी सुखरूप नेतां येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं चिकाटी सोडली नाहीं, आणि २०२२ सालाच्या अखेरीस तें अंतर १२० मीटर करण्याचें सरकारनें मान्य केलें. हॉर्नबीच्या बांधापासून जी गोष्ट कोणीं हिशेबांत धरली नव्हती, ती त्याच वरळीच्या पाण्यांत प्रथम हिशेबांत धरली गेली: पाण्यावरची वाट हीहि वाटच आहे.

मच्छीमार नगरापुढें आज तोच प्रश्न आहे. नरीमन पॉइंट व कफ परेड यांमधील लहानशा उपसागरावर सुमारें दीड किलोमीटरांचा पूल बांधण्याचा विचार २०२१ सालीं पुन्हा पुढें आला. नकाशावर पाहतां तो दुवा स्वाभाविक दिसतो. दोन टोकें समोरासमोर, आणि फेरा मात्र लांबचा. परंतु त्या दोन टोकांच्या मधूनच मच्छीमार नगराच्या होड्या समुद्रावर जातात. पूल हवा कीं नको, याचा निर्णय येथें करावयाचा नाहीं. इतकेंच सांगावयाचें कीं, पुलाचा हिशेब मांडतांना किती मोटारींचीं किती मिनिटें वांचलीं हें जसें मोजावें, तसेंच किती होड्यांना किती फेरा पडला, किती रुंदीची वाट राहिली, जाळीं सुकविण्यास किनारा किती उरला, हेंहि मोजावें. जोडणी मोजावयाची तर दोन्ही बाजूंनीं मोजावी.

आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पहांटेच्या अंधारांत ससून डॉकवरून निघणारी कोळीण? १८७५ सालीं बांधलेली ती गोदी कुलाब्याच्या पूर्व किनाऱ्यावर. गिऱ्हाइकें पश्चिमेच्या मनोऱ्यांत. तिच्या पायांना शहराची जोडणी जितकी ठाऊक, तितकी कोणत्याहि अभियंत्यास नसेल. ज्या गल्लीला फाटक लागलें, ज्या अंगणांतून जाणें बंद झालें, तेवढें तिचें अंतर वाढलें. तें अंतर कोणत्याहि सरकारी कागदांत नोंदलेलें नाहीं.

वाचकहो, मोशेच्या नियमशास्त्रांत ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे, तें केवळ उत्सवाचें वर्ष नव्हे. त्या वर्षीं गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, दास मोकळा व्हावा, आणि प्रत्येकानें आपल्या घरीं परतावें, अशी आज्ञा आहे. भूमि देवाची आहे, आपण तिच्यावरचे पाहुणे, हें त्यामागील तत्त्व. समुद्रांत घातलेला भराव कोणी परत काढूं शकत नाहीं, आणि तसें कोणी मागतहि नाहीं. परंतु मागील दारीं लोटलेल्या शेजाऱ्याला पुढच्या वाटेवर जागा करून देणें आपल्या हातीं आहे. आपल्या सोसायटीच्या सभेंत एखादी जुनी वाट बंद करण्याचा ठराव येईल, तेव्हां ती वाट कोण वापरतो हें आधीं विचारावें. शहराचा विकास आराखडा लोकांच्या हरकतींसाठीं प्रसिद्ध होईल, तेव्हां कोळीवाड्यांच्या सीमा व त्यांच्या वाटा त्यावर नीट दाखविल्या आहेत कीं नाहीं तें पाहावें, आणि नसल्यास कोळी बांधवांबरोबर आपलीहि सही द्यावी. मग ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत. मंदिराच्या आवारालाहि दोन दारें असावीं, एक मोठ्या रस्त्याकडे व एक गल्लीकडे, आणि गल्लीकडचें दार प्रथम उघडावें.

प्रभूनें आपले पहिले शिष्य समुद्रकांठीं, जाळीं नीट करीत असतांना बोलाविले. त्यांच्या मागून आलेल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीला लोक मार्ग या नांवानें ओळखीत, असें प्रेषितांच्या कृत्यांत आहे. ज्या मंडळीचें पहिलें नांव मार्ग, तिनें शेजाऱ्याची वाट अडूं देऊं नये. या ज्युबिलीच्या वर्षीं ही सद्बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो, आणि मच्छीमार नगराच्या प्रत्येक होडीला घरची वाट मोकळी राहो, हीच प्रार्थना.